उरलेल्या गोळ्यांची बरणी

आमच्या दवाखान्यात पाऊल टाकणाऱ्याला आधी डॉक्टर दिसत नसे, अक्कांचा हात दिसे. औषधांच्या खोलीला एक चौकोनी खिडकी होती आणि तिच्यातून तो हात कायम बाहेर आलेला असायचा, तळवा वर. "रिकामी पुडी," एवढंच अक्का म्हणायच्या. मागच्या खेपेला दिलेल्या गोळ्यांची पुडी रिकामी करून दाखवल्याशिवाय पेशंटचा कागद माझ्या टेबलावर येत नसे. पुडी रिकामी असली की तो सुटला. पण तिच्यात दोन-चार गोळ्या खुळखुळल्या, तर सगळ्या बाकांसमोर त्याची हजेरी. "बरं व्हायचंय, की नुसतं मला भेटायला येता?" असं त्या विचारायच्या, आणि आडदांड हमालसुद्धा मान खाली घालून उभा राहायचा. मला कुणी इतकं घाबरत नसे. खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकला मखमलाबाद नाक्याजवळचा एक जुना दवाखाना मी चालवायला घेतला. आधीचे डॉक्टर वयानं थकले होते. त्यांनी टेबल, वजनकाटा, पाण्याचा माठ आणि अक्का एवढा ऐवज माझ्या हवाली केला. अक्का तिथल्या कंपाउंडर. त्या मूळच्या बागलाणातल्या नामपूरच्या. तरुणपणीच नवरा गेल्यावर त्या दवाखान्यात झाडलोट करायला आल्या, आणि बघता बघता औषधांच्या खोलीच्या मालकीण झाल्या. पहिल्याच दिवशी माझी पाच औषधं लिहिलेली चिठ्ठी वाचून त्या म्हणाल्या, "आधीचे डॉक्टर दोन औषधांत भागवायचे. तुमचं शिक्षण जास्त झालेलं दिसतंय." लोकांसमोर मी 'डॉक्टरसाहेब' होतो. खोलीत दोघंच असलो आणि माझं काही चुकलं की मी 'भाऊ' व्हायचो. पहिली दोन वर्षं मी बहुतेक वेळ भाऊच होतो.

त्यांच्या हातात एक जुनी कला होती. तेव्हा पातळ औषधं अजून बाटलीतून जायची आणि किती प्यायचं हे कळावं म्हणून बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायची पद्धत होती. पट्टीला खाचा, आणि एक खाच म्हणजे एक डोस. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची घडी घालून अक्का अशी कात्री चालवायच्या की खाचांमधलं अंतर फूटपट्टीनं मोजलं तरी चुकायचं नाही. कात्री चालू असताना त्या एक अक्षर बोलत नसत. ज्याला वाचता येत नाही त्यालासुद्धा खाच कळते, असं त्यांचं म्हणणं. पुढे बाटल्या गेल्या आणि गोळ्या आल्या. पट्ट्या कापायचं कारण उरलं नाही. पण कात्री त्यांच्या टेबलावरून हलली नाही.

मी गोळ्यांच्या जमान्यातला. त्यातून मला ब्लडप्रेशरचं वेड लागलेलं. सर्दीला आला, दंडाला पट्टा गुंडाळ. बायकोच्या सोबतीला आला, त्यालाही गुंडाळ. काहीही दुखत नसलेल्या माणसाच्या आत पारा चढलेला सापडला की मला दडलेलं धन सापडल्यासारखं व्हायचं. मग मी मोठ्या ऐटीत लिहायचो: एक, एक, एक. सकाळ, दुपार, रात्र, जेवणानंतर. त्या काळात प्रेशरच्या बऱ्याचशा गोळ्यांचा असर चार-सहा तासांत उतरायचा, म्हणून तीन वेळा. मला त्या तीन आकड्यांत काही वावगं दिसत नव्हतं. अक्का मात्र मधल्या एकावर बोट ठेवायच्या. "सकाळ घरची, रात्र घरची," त्या म्हणायच्या. "दुपार कुणाची आहे ते विचारलंत का?" मी हसण्यावारी न्यायचो.

अशातच ठकूबाई आल्या. मखमलाबादकडे त्यांची फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे तोडणी, मग पाट्या घेऊन फुलबाजार, तिथून परत शेत. पन्नाशीच्या आतलं वय, बोलणं खणखणीत, आणि प्रेशर एकशे नव्वद. त्यांच्या थोरल्या बहिणीला अर्धांगवायू होऊन ती दोन वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं ठकूबाईच करायच्या. त्यामुळे हा आजार काय करतो हे त्यांना सांगावं लागलं नाही. "साहेब, मला तसं नाय व्हायचं," त्या म्हणाल्या. "बाकी काय बी करा." मी त्यांना शब्द दिला. तरुण डॉक्टर असे शब्द फार पटकन देतात. मी एक, एक, एक लिहिलं आणि दर शनिवारी संध्याकाळी दाखवायला या म्हणून सांगितलं.

प्रेशर उतरेना. दर शनिवारी ठकूबाई यायच्या, खिडकीवर ऐटीत रिकामी पुडी ठेवायच्या, अक्का खूश व्हायच्या, आणि माझ्या खोलीत पारा तिथंच. अक्का बाकांवरच्या इतरांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. "बघा त्या बाईकडे. एक गोळी उरत नाही." त्यात ठकूबाईंनी नवीनच तक्रार सुरू केली. शनिवारी सकाळी घेरी येते म्हणाल्या. प्रेशर चढलंय म्हणून घेरी येतेय, असा मी निष्कर्ष काढला आणि दुप्पट ताकदीची गोळी सुरू केली. घेरी फक्त शनिवारी सकाळीच का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही.

मग नवरात्र आलं. चौथ्या-पाचव्या माळेचा शनिवार असेल. ठकूबाई बाजारातून परस्पर आल्या. अंगावर झेंडूचा वास. खिडकीवर रिकामी पुडी ठेवली आणि बाकावर बसल्या. आत गर्दी होती, त्यामुळे त्यांचा नंबर यायला अर्धा तास लागला. मी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला आणि पारा उतरताना बघतच राहिलो. एकशे वीस. इतके आठवडे न हललेला पारा एकशे वीसवर. मी खुर्चीतून उठून अक्कांना हाक मारली, "अक्का, इकडे या, बघा काय झालंय." अक्का पदराला हात पुसत आल्या. आम्ही दोघं त्या यंत्राकडे पोरं जत्रेतल्या पाळण्याकडे बघतात तसे बघत होतो. ठकूबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, उजेड गेला वो." आणि खाली कोसळल्या.

डोकं जमिनीवर आपटलं नाही ते अक्कांमुळे. त्यांनी खाली बसून ते मांडीवर झेललं. आम्ही ठकूबाईंना टेबलावर निजवलं, पाय उंच केले, सलाइन लावलं. पुन्हा पाहिलं तर पारा सत्तरच्या आसपास, आणि नाडी हाताला लागेना. त्यांना रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. बहिणीसारखं होऊ देणार नाही म्हणून मी शब्द दिला होता, आणि आता ही बाई डोळ्यांदेखत हातातून चालली होती. तिथल्या डॉक्टरांनी सांभाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि घटाला पाणी कोण घालतंय याची चौकशी करत होत्या. मला इतकं हायसं वाटलं की मी बाहेर जाऊन एकटाच दोन कप चहा प्यालो.

परत आलो तर अक्का त्यांच्या पायाशी बसल्या होत्या. ठकूबाई हळू आवाजात सांगत होत्या, "आठ उरल्या व्हत्या अक्का. उपास चालू. डॉक्टर म्हन्ले जेवनानंतर घ्या. जेवनच नाय, तर घिऊ कशी? रातच्याला फराळ करायचे, तवाची एक घ्यायचे."

"मग त्या आठ गेल्या कुठं?"

"घेतल्या की. तुमच्याच माठाच्या पान्यानं. बाकावर बसन्याआधी."

अक्का अर्धवट उठल्या. "एकदम आठ? का गं बाई?"

"तुम्ही बोलता ना समद्यांसमोर. आन औषध टाकायचं कसं? पाप लागतं," ठकूबाई म्हणाल्या. "आदी बी, रातच्याला कवाकवा दोन घिऊन, चार-पाच उरायच्या. शुक्करवारी रातच्याला घिऊन टाकायचे. ह्या बारीला नवरात्राच्या फुलांमुळं इसरले."

म्हणजे ती शनिवार सकाळची घेरी. म्हणजे ती दर आठवड्याची कौतुकाची रिकामी पुडी. परतीच्या रिक्षातून नाक्याशी उतरताना अक्कांच्या तोंडून नामपूरची अहिराणी बाहेर आली. "चूक मनी शे, भाऊ," त्या म्हणाल्या. घेरी आली म्हणून डोस वाढवणारा मी होतो, म्हणजे माझी चूक त्यांच्यापेक्षा मोठी होती. हे मी तिथंच बोलायला हवं होतं. पण त्यांनी सगळा दोष स्वतःकडे घेतल्यावर मला आतून सुटल्यासारखं वाटलं आणि मी गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी न राहवून बोललो. "मला माहीत होतं," अक्का म्हणाल्या. "तुम्ही कधी बोलता याची वाट बघत होते."

सोमवारी दवाखाना उघडला तेव्हा खिडकीतून हात बाहेर आलेला नव्हता. अक्का स्वतःच बाहेर आल्या आणि बाकांसमोर उभ्या राहिल्या. काय घडलं ते त्यांनी ठकूबाईंचं नाव न घेता सगळ्यांना सांगितलं. माझ्या धाकापायी एक बाई मरायला टेकली होती, असंच म्हणाल्या. मग घरून आणलेली लोणच्याची काचेची बरणी, घासूनपुसून लख्ख केलेली, त्यांनी खिडकीत ठेवली. "आजपासून रिकामी पुडी कुणी दाखवायची नाही. उरलेल्या गोळ्या आणायच्या आणि हिच्यात टाकायच्या. जो जास्त आणेल त्याला शाबासकी." लोकांना वाटलं, बाईंना काहीतरी झालंय. पहिले दोन दिवस बरणी रिकामीच राहिली. वर्षानुवर्षं बसलेला धाक एका भाषणानं कसा जाणार?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अक्कांनी रजा मागितली. तोवर त्यांनी कधी रजा घेतलेली मला आठवत नव्हती. त्या थेट ठकूबाईंच्या शेतावर गेल्या. दसरा म्हणजे झेंडूवाल्यांची वर्षाची कमाई. नुकत्याच दवाखान्यातून सुटलेल्या ठकूबाई काही केल्या घरी बसायला तयार नव्हत्या. अक्का दिवसभर त्यांच्याबरोबर तोडणीला, बाजाराला, पुन्हा शेताला. दुसऱ्या दिवशी सण असूनही त्या दवाखान्यात आल्या, कॅलेंडरचा कागद काढला आणि गप्प राहून कात्री चालवली. एक पट्टी माझ्यासमोर ठेवली. "हा तिचा दिवस," त्या म्हणाल्या. "पोटात अन्न जातं तिथं खाच मारली आहे."

पट्टीला दोनच खाचा होत्या. एक सकाळी दहाच्या सुमाराला, एक दिवस मावळल्यावर. मधली लांबलचक जागा कोरी.

"भाऊ, ती जेवते दोनदा. तुम्ही लिहिता तीनदा," अक्का म्हणाल्या. "इथं येणारी निम्मी माणसं दोनदाच जेवतात. कामावर बसल्या बसल्या खाल्लेल्या भाकरीच्या तुकड्याला ती जेवण म्हणत नाहीत. आणि ही पट्टी सोमवारची, गुरुवारची, चतुर्थीची." त्यांनी खाचाच नसलेली दुसरी पट्टी ठेवली. मला ते सगळं एका क्षणात लख्ख दिसलं आणि मी अक्षरशः टेबलावर हात आपटला. मी ज्याला पेशंटचा आळस समजत होतो तो आज्ञाधारकपणा होता. डॉक्टर म्हणाले जेवणानंतर, म्हणून जेवण नाही तर गोळी नाही. त्या बाईनं माझा शब्द माझ्यापेक्षा जास्त पाळला होता.

मी पुस्तकं काढली. प्रेशरच्या त्या गोळीला जेवणाची गरजच नव्हती. ते शब्द मी सवयीनं लिहीत आलो होतो. पोटाला त्रास देणाऱ्या मोजक्या औषधांपुरते 'जेवणानंतर' ठेवले, बाकीच्यांवर काट मारली. ठकूबाईंना दिवसातून दोनदा चालेल अशी, हळूहळू विरघळणारी गोळी दिली. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी त्या आल्या आणि त्यांनी पदराच्या गाठीतून तीन गोळ्या काढून सगळ्यांसमक्ष बरणीत टाकल्या. टण, टण, टण. अक्कांनी सांगितल्याप्रमाणे खरंच शाबासकी दिली, तीही पाठीवर थाप मारून. त्याच संध्याकाळी आणखी चार जणांच्या खिशांतून गोळ्या निघाल्या.

त्यानंतरचे दिवस मला आजही उत्साहानं आठवतात. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की आम्ही वर्तमानपत्र पसरून बरणी उपडी करायचो. पिवळ्या, पांढऱ्या, चपट्या, गोल अशा राशी पाडायच्या आणि कुठली गोळी किती परत आली ते बघायचं. दिवसातून तीनदा घ्यायची ती सगळ्यांत जास्त परत यायची. दोनदावाली त्याहून कमी, आणि एकदाच घ्यायची ती कधीमधी एखादी. विचारलं तर चुकलेली गोळी बहुतेक वेळा दुपारचीच निघायची. कॉलेजात हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, आणि इथं लोणच्याच्या बरणीतून ते बाहेर पडत होतं. मी येईल त्या डॉक्टर मित्राला हे सांगत सुटलो. एक जण म्हणाला, तुझ्या कंपाउंडरला परीक्षेला बसव. मी ते अक्कांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बसते की. दुपारचा पेपर नको."

आणि मग ती गोळी आली. एका औषध कंपनीचा तरुण प्रतिनिधी बॅग घेऊन बसला होता. प्रेशरची नवीन गोळी आहे, दिवसातून फक्त एकदा, कधीही, जेवा न जेवा, असं तो सांगू लागला. आतून अक्का तिरासारख्या आल्या. त्यांनी त्याला खुर्चीवरून उठू दिलं नाही. "एकदा म्हणजे चोवीस तास? मधे दम तोडत नाही ना?" नाही म्हणाला. "मग मला सांगा दादा, तीनातली एक विसरली तर दोन तरी पोटात जातात. तुमची एकुलती एक विसरली तर?" मी सावरून बसलो. हा प्रश्न मला सुचला नव्हता. तो पोरगा हुशार होता. म्हणाला, "अक्का, ही शरीरातून फार सावकाश उतरते. एखादा दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत थोडीफार साथ देते. रोज चुकली तर मात्र काही खरं नाही." अक्कांनी मान डोलावली. "म्हणजे रजेवर जाताना बदली माणूस ठेवून जाते," त्या म्हणाल्या. "चालेल."

अडचण किमतीची होती. ती एक गोळी जुन्या तीन गोळ्यांपेक्षा महाग पडायची. ठकूबाईंचा थोरला मुलगा सोबत आला होता. तो म्हणाला, "अक्का, तीन घेऊन स्वस्त, आन एक घेऊन महाग? ह्यो कुठला हिशेब?" अक्कांनी बरणी उचलून त्याच्या हातात दिली. गोळ्यांनी ती निम्मी भरली होती. "ह्या बघ तुझ्या स्वस्त गोळ्या," त्या म्हणाल्या. "पोटात गेली ती स्वस्त. इथं आली ती कितीला पडली ते तू सांग. आणि तुझ्या मावशीची दोन वर्षं कितीला पडली, तेही सांग." पोरानं बरणी हलवून बघितली आणि म्हणाला, "द्या." सगळ्यांना अक्का ती गोळी देऊ देत नसत, हेही सांगायला हवं. ज्याची दोनदावाली कधी बरणीत येत नव्हती, त्याला त्या म्हणायच्या, "तुमचं चाललंय ते चालू द्या. नवं लुगडं आलं म्हणून जुनं फाडायचं नसतं."

गोळी दिवसातून एकदाच, पण नक्की कधी? मी म्हणालो, सकाळी आठला. अक्कांनी मला बाजूला सारलं आणि ठकूबाईंना विचारलं, "घड्याळ राहू दे. उपास असो, सुतक असो, आजारपण असो, रोज न चुकता काय करतेस?" ठकूबाईंनी थोडा विचार केला. तोडलेल्या फुलांतलं पहिलं फूल त्या बांधावरच्या म्हसोबाला वाहायच्या. सुतकात घरातलं दुसरं कुणी वाहायचं, पण बांधापर्यंत त्या जायच्याच. "मग गोळ्यांची डबी म्हसोबापाशी," अक्का म्हणाल्या. पुढच्या शनिवारी पारा एकशे पन्नासवर होता, त्याच्यापुढच्या महिन्यात एकशे चाळीसच्या खाली. मी अक्कांना हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आधी ठकूबाईंना उभं केलं, पाच मिनिटं चालवलं, घेरी येते का विचारलं, आणि मगच हाक मारली. ठकूबाई हसत होत्या. त्यांनी पेढ्यांऐवजी शेवंतीची अख्खी पाटी आणली होती. दोन दिवस दवाखान्यात औषधाचा वास आला नाही.

त्यानंतर कितीतरी माणसं अशीच गोळीशी बांधली गेली. कुणाची गोळी धारेच्या बादलीपाशी, कुणाची नमाजाच्या चटईपाशी, एका रिक्षावाल्याची पहिल्या किकपाशी. बरणी भरायला आधी आठवडा लागायचा, मग महिना, मग आम्ही ती उपडी करायचंच विसरू लागलो. ठकूबाई आता साठीच्या पुढे गेल्या होत्या आणि स्वतःच्या पायांनी चालत यायच्या.

पुढे अक्कांचे गुडघे बोलू लागले. त्यांचा मुलगा मनमाडला रेल्वेत होता. तो न्यायला आला. निघताना अक्कांनी बरणी माझ्या हातात दिली. आत खडीसाखर भरलेली. "भांडं रिकामं देऊ नये," एवढंच त्या म्हणाल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आमच्या दोघांत एवढी तरी रीत होती. साखर मी पेशंटांना वाटली आणि बरणी टेबलावर ठेवली. खिडकीत बसायला नवीन मुलगी आली. ती चांगली होती, पण तिला कुणी घाबरत नव्हतं आणि तिच्याजवळ कुणी काही कबूलही करत नव्हतं.

चाळिशी ओलांडल्यावर माझं स्वतःचं प्रेशर वाढलेलं निघालं. दिवसातून एक गोळी. मला हसू आलं, आणि मी ती दवाखान्याच्या खणात ठेवली, म्हणजे आल्या आल्या घेता येईल. अक्का आजारी असल्याचं कळलं तेव्हा त्यांना भेटायला मनमाडला निघालो. महिन्याचं पाकीट बरोबर घेतलं. नाशिकरोडच्या फलाटावर सहज बघितलं, तर चार गोळ्या जास्त होत्या. अक्का विचारणार, याची मला खात्री होती. मी त्या चारही गोळ्या दाबून तळहातावर काढल्या. समोर रूळ होते, टाकल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? आणि तिथं, चाळीस-बेचाळीस वर्षांचा डॉक्टर, मला आमच्या माठापाशी उभ्या असलेल्या ठकूबाई पहिल्यांदा खऱ्या अर्थानं कळल्या. मी गोळ्या रुमालात बांधल्या.

अक्का खाटेवर होत्या. वाळून अर्ध्या झालेल्या. मला बघून चेहरा उजळला, मग डोळे बारीक झाले. "चेहरा सुजलाय. प्रेशर निघालं ना?" मी हो म्हणालो. पांघरुणातून हात बाहेर आला, तळवा वर. मी रुमाल सोडून चार गोळ्या त्यावर ठेवल्या.

"शाबास, भाऊ," त्या म्हणाल्या. "कुठल्या दिवसांच्या?"

"आठवत नाही."

"गोळी ठेवता कुठं?"

"दवाखान्यात. खणात."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं थकल्या. पण त्या मोजत होत्या. "महिन्यात रविवार चार," त्या म्हणाल्या. "दवाखाना बंद, म्हणजे तुमचा उपास." आणि त्या इतक्या हसल्या की मुलगा धावत आत आला. मग म्हणाल्या, "दाढी रविवारीसुद्धा करता ना? डबी आरशापाशी ठेवा." त्यांनी माझी मूठ उघडली आणि चारही गोळ्या परत माझ्या हातात दिल्या. "ह्या बरणीत टाका. बरणी रिकामी बरी दिसत नाही."

त्याच हिवाळ्यात अक्का गेल्या. मी दाढी करताना रोज गोळी घेतो. त्या महिन्यानंतर माझी एकही चुकली नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते म्हणायला मला कुणी शिकवलेलं नाही. नवीन पेशंट आला, "सगळ्या घेतो हो साहेब" म्हणाला आणि नजर खाली वळवली, की मी टेबलावरची बरणी त्याच्याकडे सरकवतो. तळाशी चार गोळ्या आहेत, जुन्या, पिवळट पडलेल्या. "ह्या माझ्या," मी सांगतो. मग हात पुढे करतो, तळवा वर, आणि थांबतो.